शपथ घेतली, सोडवणार कोण?

'गुप्त संघटना' हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर तळघर येतं, मिणमिणता दिवा येतो, रक्तानं केलेली सही येते. मी मात्र आज बांगड्यांच्या एका पेटीपासून सुरुवात करणार आहे.

माझे आजोबा मन्यार होते. आर्वी तालुक्यातल्या बाजारांतून बांगड्या विकत. १९८७ साली ते गेले, तेव्हा मी कॉलेजात होतो. तिजाच्या दिवशी खादीतले एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्या दारात आले. बराच वेळ गप्प बसले आणि मग माझ्या दादीला म्हणाले, "भाभी, बेचाळीसच्या थंडीत तुमच्या मालकानं आमची पत्रकं बांगड्यांच्या पेटीतून गावोगाव पोचवली. आज ते गेले, म्हणून सांगतो."

ती पत्रकं कसली होती, हे समजायला तेव्हाचा वर्धा जिल्हा आठवावा लागेल. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत गांधीजींनी लढा पुकारला आणि स्पष्ट सांगितलं, की या लढ्यात काहीही लपूनछपून करायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे पुढारी तुरुंगात गेले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला आणि तिकडे चिमूरला लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, माणसं पडली, पोलीसही मारले गेले. मग धरपकड सुरू झाली. चिमूरला बायकांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी उपोषणाला बसले. ते चिमूरकडे पायी निघत आणि पोलीस त्यांना धरून परत आणत. उपोषण त्रेसष्ट दिवस चाललं. सरकारनं त्याची बातमी छापायलाच बंदी केली. या बंदीच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही.

जी बातमी छापता येत नव्हती, ती आजोबांच्या पेटीत होती. बांगड्या गुंडाळायला रद्दी लागतेच. त्या रद्दीत ही पत्रकं जात.

गुप्त संघटना जन्माला का येतात, याचं उत्तर मला इथं मिळतं. उघड बोलायचं दार बंद केलं, की माणसं खिडकी शोधतात. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत गुप्त रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला, मग पकडला गेला. त्याआधी १९१६ साली काबूलहून मौलाना उबैदुल्ला सिंधींनी रेशमी कापडावर पत्रं लिहून धाडली. ती इंग्रजांच्या हाती लागली आणि देवबंदचे मौलाना महमूद हसन माल्टाच्या कैदेत गेले. दुबळ्याच्या हाती तोफ नसते. गुपित हेच त्याचं चिलखत.

पण चिलखत आतूनही टोचतं. पुण्यात चापेकर बंधूंनी १८९७ मध्ये रँडवर गोळी झाडली. पुढं त्यांची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना १८९९ मध्ये ठार करण्यात आलं. पहिली गोळी परक्या सत्तेवर होती, दुसरी आपल्याच शहरातल्या माणसांवर. नाशिकला जॅक्सनच्या वधानंतर पकडलेल्यांतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला. गुप्त मंडळात शत्रूइतकंच भय शेजारी बसलेल्या मित्राचं असतं. तिथं शंका विचारणारा आणि फितूर होणारा, दोघांचा चेहरा सारखाच दिसू लागतो. गांधीजींना गुप्तता नको होती ती एवढ्यासाठीच, असं मला वाटतं. भूमिगत असलेल्या अरुणा असफअली यांना त्यांनी जून १९४४ मध्ये पत्र लिहून बाहेर येण्याचा आग्रह केला. अरुणाबाईंच्या धैर्याचं त्यांना कौतुक होतं, पण त्यांचं लपणं त्यांना पटत नव्हतं. बाई बाहेर आल्या त्या १९४६ मध्ये, वॉरंट रद्द झाल्यावर.

आता पुन्हा आमच्या ओसरीवर येतो. पाहुण्यांचं बोलणं संपलं आणि दादी रडू लागली. आम्हाला वाटलं, अभिमानानं रडते आहे. ती म्हणाली, "त्या थंडीत ते दोन-दोन रात्री घरी येत नसत. विचारलं तर मान खाली घालत. मी मनात भलताच संशय धरला. पंचेचाळीस वर्षं धरून ठेवला. मेलेल्या माणसाची माफी आता कशी मागू?"

मी त्या गृहस्थांना विचारलं, "स्वातंत्र्य मिळाल्यावर तरी त्यांनी का सांगितलं नाही?" ते म्हणाले, "शपथ होती बाळ. मी गीतेवर हात ठेवला, त्यानं कुराणावर. घरातही सांगायचं नाही. ज्यानं शपथ दिली, तो चव्वेचाळीस सालीच वारला. मग आम्हाला सोडवणार कोण?"

आजोबांना ना ताम्रपट मिळाला, ना पेन्शन. लपवलेल्या कामाचा कागद कुठून असणार? त्याचं मला दुःख नाही. मला दादीचं ते वाक्य टोचतं.

तेव्हापासून मला एक गोष्ट कळली आहे. गुप्त संघटनेत शिरण्याचा विधी असतो, बाहेर पडण्याचा नसतो. शपथ देणारे पुष्कळ भेटतात, शपथ उतरवणारा कुणी नेमलेला नसतो. म्हणून कुठल्याही गुप्त मंडळाला, मग ते कोणत्याही धर्माचं असो, कोणत्याही झेंड्याचं असो, मी दोन प्रश्न विचारतो. तुमचं गुपित कुणाला वाचवतं? आणि ते उघडण्याचा दिवस तुम्ही ठरवला आहे का? दुबळ्याला वाचवणारं गुपित मी समजू शकतो. जो आधीच बलवान आहे, ज्याला उघड बोलायला कुणाची मनाई नाही, तो दार लावून का बसतो, हे मात्र विचारलंच पाहिजे. हा प्रश्न सरकारलाही लागू आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं तो विचारण्याचा हक्क तुम्हा-आम्हाला दिला.

आजोबांची पेटी अजून घरात आहे. दादी होती तोवर ती रोज पुसायची आणि झाकण उघडंच ठेवायची. आम्हीही ते कधी लावत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)