बटण नको, पिनच काढा

गेल्या पावसाळ्यात विजा चमकल्या आणि आमचा टीव्ही जळाला. बटण बंद होतं, पण पिन बोर्डातच होती, डिशची केबलही लावलेली. गटाच्या कर्जाचे पाच हप्ते बाकी होते. जळक्या टीव्हीचे हप्ते फेडताना जे शिकले, ते आज सांगते.

आभाळ भरून आलं की टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंड बॉक्स यांच्या पिना काढा. डिशची केबलही सोडवा, कारण झटका तिच्यातूनही आत येतो. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरींना हात लावू नका.

लाईट गेली तरी पिना काढा. आल्यावर पाच-दहा मिनिटांनीच लावा.

आपल्या घरात 230 व्होल्ट वीज येते. न्यूट्रल तुटली तर ती 400 च्या आसपास जाऊ शकते. दिवे एकाएकी लख्ख झाले, पंखा भन्नाट फिरू लागला, की मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. खांबाला स्वतः हात लावू नका.

स्टॅबिलायझर कमी-जास्त व्होल्टेज सांभाळतो, आभाळातली वीज अडवत नाही.

आमच्या गटात आता टीव्हीसाठी कर्ज मागितलं, की आधी विचारतो, "ताई, घरात अर्थिंग आहे का?" तुम्हीही विचारा.