दावे आणि जिव्हाळा



'बांधिलकी' हा शब्द आम्हा कवींच्या व्यासपीठावरून फार वेळा ऐकू येतो. हल्ली तो कंपन्यांच्या बैठकांतही ऐकू येतो. साहेब म्हणतात, "लोकांना बांधिलकी नाही, म्हणून कामं होत नाहीत." हे कितपत खरं आहे?

खुंट्याला दाव्यानं बांधलेला बैल जागचा हलत नाही. घराच्या मायेनं बांधलेला माणूसही घर सोडत नाही. बांधलेले दोघंही, पण बांधणं निराळं.

हा फरक कॅनडातील जॉन मायर आणि नॅटली ॲलन या अभ्यासकांनी नोकरीच्या संदर्भात मांडला. १९९१ साली त्यांनी बांधिलकीचे तीन धागे सांगितले. कुणी मन रमलं म्हणून राहतो, कुणी कर्तव्य म्हणून, तर कुणी सोडणं परवडत नाही म्हणून. त्याआधी १९८९ मध्ये मायर आणि सहकाऱ्यांनी एका खाद्यसेवा कंपनीतील व्यवस्थापकांचं काम तपासलं होतं. ज्यांचा जिव्हाळा अधिक, त्यांचं काम वरिष्ठांना सरस वाटलं होतं. जे गरजेपोटी अडकले होते, त्यांचं उणं वाटलं होतं.

मी ३० वर्षं कचेरीत फायलींमध्ये काढली. प्रदीर्घ सेवेबद्दल शाल-श्रीफळ देण्याचे समारंभ पुष्कळ पाहिले. सत्कारमूर्ती इतकी वर्षं का टिकली, हे कुणी विचारलेलं मात्र आठवत नाही.

अर्थात, नुसत्या जिव्हाळ्यानं सगळं साधत नाही. जिव्हाळा आणि काम यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला, पण माफकच. एसटीचा ड्रायव्हर कितीही इमानेइतबारे राबला, तरी गाडीच नादुरुस्त असेल तर ती वेळेवर कशी पोचणार? साधनं हवीत, कौशल्य हवं, कामाची नीट वाटणी हवी.

मग जिव्हाळा येतो कुठून? २००२ मध्ये मायर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. संस्था आपल्या पाठीशी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांचा जीव संस्थेत अधिक गुंततो, असं चित्र त्यातून पुढे आलं. ११ महिन्यांच्या कंत्राटावर घेतलेल्या मुलीकडून जन्मभराची निष्ठा मागायची आणि ती आजारी पडली की पगार कापायचा, हा व्यवहार एकतर्फी झाला.

म्हणून साहेबांना माझी विनंती आहे. निष्ठेवर भाषण देण्याआधी आपल्या माणसांना एकदा विचारा, "तुमचं काम कुठं अडतं?" आणि उत्तर मिळालं की तेवढी अडचण दूर करा.