चांदणी उतरवताना

सण मांडण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो, आवरण्याबद्दल फारसं नाही. गणपती आपण पाण्यात सोडतो. मोहरमचे ताजिये थंडे करतात. पंजे मात्र कापडात गुंडाळून पुढल्या वर्षासाठी पेटीत जातात. नाताळचंही तसंच. बारा दिवस होतात, सहा जानेवारीचा सण सरतो आणि चांदणी खोक्यात जाते. इथे विसर्जन नाही, म्हणून काय ठेवावं आणि काय टाकावं हा प्रश्न दरसाल उरतो.

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. गोठ्याची रीत इटलीतली. १२२३ साली ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी गव्हाणी मांडली, तिथून ती पसरली असं मानतात. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९३ साली राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका मिशनऱ्याने त्यांना बायबलचा नवा करार दिला. नागपूरकडून राजनांदगावला जाणारी ती वाट आमच्या गोंदियावरूनच जाते.

रेल्वेमुळे वाढलेल्या या गावात आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहतात. यजमान रेल्वेत होते. त्यांच्या गोठ्यात तणस धानाच्या बांधीतलं असतं आणि छपरावर शिंदीची फांदी आमच्या अंगणातली. कुराणात मरियमच्या नावाचा सूरा आहे. त्यात बाळाचा जन्म खजुराच्या झाडाखाली होतो. माझी अम्मी ती फांदी स्वतः निवडून द्यायची.

यंदा मावशींना मुलाकडे पुण्याला कायमचं जायचं होतं. दोन खोल्यांचं घर. मुलाने फोनवर सांगितलं, ‘‘आई, एकच खोकं आण. बाकीचं इथे नवं घेऊ.’’ आम्ही दोघं नवराबायको मदतीला गेलो. चाळीस वर्षांचं सामान जमिनीवर पसरलं होतं.

मावशींनी तीन ढीग केले. दिव्यांच्या माळा लावून पाहिल्या; लागल्या त्या चर्चला, जळक्या भंगारात. थर्माकोलचं घर टाकलं; सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ सालीच बंदी आली आहे. रंग उडालेल्या झिरमिळ्या टाकल्या, तणस शेजारच्या गाईला दिलं. मातीच्या बाहुल्या मात्र एकेक करून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि राईस मिलमधून आणलेल्या कोरड्या भुशात बसवल्या. मागी लोकांच्या उंटाचा एक पाय मोडका आहे. माझी बायको म्हणाली, ‘‘मावशी, हा?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘तो गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहतो गं. जाऊ दे त्याला पुण्याला.’’

अडलं ते चांदणीपाशी. यजमानांनी बुरडाकडून कामट्या आणून ती बांधली होती. उंची माणसाच्या छातीएवढी. खोक्यात मावेना, गाडीत नेता येईना. मुलाचा निरोप होता, टाकून दे. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी कात्री मागितली. जीर्ण कागद फाडून काढला, सुतळीच्या गाठी एकेक सोडल्या. उरल्या दहा लांब कामट्या आणि पाच आखूड टेकू. त्यांची मोळी बांधली, तर ती छत्रीसारखी काखेत मावली. दोन पंचकोनी चांदण्या समोरासमोर ठेवून मधे टेकू कुठे लावायचे, ते मी त्यांच्या सांगण्यावरून कागदावर काढून दिलं. नातवंडांनी ती कधी पाहिली आहे, बांधली नाही. आता ती त्यांनाच बांधावी लागेल.

घरं लहान होत चालली आहेत, माळे भरले आहेत, तेव्हा टाकणं आलंच. नाताळचं खोकं असो, गणपतीचं मखर असो की ईदच्या माळा असोत, बाजारात पुन्हा मिळेल ते खुशाल द्यावं. पण जे घरातल्या माणसाने हाताने बांधलं, त्याची एकदा गाठ सोडून पाहावी. कधी कधी ते वाटतं त्यापेक्षा फार कमी जागेत मावतं.