पायी चालत उंबरठ्यापर्यंत

श्रोते हो, चोरीमारीत सापडलेल्या सोळा वर्षांच्या पोराला कोर्टाने सांगितले, "तुरुंग नको, अठराशे किलोमीटर चालून ये," तर आपण काय म्हणू? चोराला फुकटची सहल! मीही आधी तेच म्हटले होते.

पण असे खरोखर घडते. बेल्जियममधल्या 'ओइकोटेन' या संस्थेने १९८२ साली सुधारगृहातल्या दोन मुलांना सोबती देऊन स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्री पायी पाठवले. पुढे १९९८ साली बेर्नार ओलिव्हिए हे निवृत्त फ्रेंच पत्रकार त्याच तीर्थाला चालत निघाले असता ही हकीकत त्यांच्या कानी आली. २००० साली त्यांनी फ्रान्समध्ये अशीच एक संस्था काढली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ आहे उंबरठा.

रीत साधी आहे. एक मुलगा किंवा मुलगी, बरोबर एक मोठे माणूस, मुलूख परका, मुदत सुमारे तीन महिने. फोन नाही, गाण्याचे यंत्र नाही. मुलाची स्वतःची तयारी मात्र हवी. ढकलून कुणाला पाठवीत नाहीत. आता हिशेब करा, रोजचे वीस किलोमीटर पडतात. पाठीवर ओझे, वर पाऊस. सहल कसली!

मला यात महत्त्वाचा वाटतो तो सोबती. सुधारगृहातला पहारेकरी पाळी संपली की घरी जातो. इथे मुलगा भिजला की सोबतीही भिजतो, फोड दोघांच्याही पायांना येतात. पोरगा रुसून पुढे निघून गेला, तरी संध्याकाळी जेवायला त्याच माणसासमोर बसायचे असते. आणि वाटेवरच्या लोकांना तो गुन्हेगार म्हणून ठाऊकच नसतो; तो एक वाटसरू. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आळंदीहून पंढरीला निघालेल्याला कोण मागचे विचारतो? तिथे सगळेच माउली. फरक एवढाच, की वारकऱ्याला सांभाळायला अख्खी दिंडी असते.

सगळेच शेवटपर्यंत पोचतात असे नाही. काही जण अर्ध्या वाटेवरून परततात. आणि जो पोचतो, त्यालाही घरी आल्यावर गल्ली तीच, मित्र तेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या अकरावीच्या वर्गात निरीक्षणगृहातून आलेला एक मुलगा बसला. मी त्याला सर्वांदेखत विचारले, "काय केले होतेस रे?" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा बाक रिकामा होता.