भाववाचक नामांचा हिशेब



माझे शाळेतले शिक्षण चौथीपर्यंतचे. व्याकरण मी पुढे युनियनच्या कचेरीत, करारनामे वाचता वाचता शिकलो. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पोटात घालावी.

व्याकरणकार नामांचे दोन वर्ग करतात. माठ, हातोडा, कारेगाव ही धर्मिवाचक नामे. गारवा, शिस्त, प्रामाणिकपणा ही धर्मवाचक, म्हणजेच भाववाचक. माठ उचलून दाखवता येतो. गारवा तसा वेगळा काढून दाखवता येत नाही. तो माठात, पाण्यात, सावलीत असतो. धर्माला राहायला धर्मी लागतो, एवढेच सूत्र.

हे सूत्र विसरलो आणि आम्ही फसलो. इथल्याच औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याशी करार करताना 'पिण्याच्या पाण्याची योग्य सोय करण्यात येईल' या वाक्याखाली आम्ही आनंदाने सह्या केल्या. चैत्र आला. पाणी कुठे, म्हणून विचारले, तर शेडमागचा उन्हाने तापलेला नळ दाखवून साहेब म्हणाले, "ही सोयच की!" ते खोटे बोलत नव्हते. 'योग्य' आणि 'सोय' हे शब्द आम्हीच मोकळे सोडले होते. वास्तविक १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पाणी थंड करून देण्याचे बंधन घातले होते. पुढच्या करारात आम्ही टाक्या किती, कोठे आणि कोणत्या तारखेपासून, हे लिहून घेतले.

नारायण मेघाजी लोखंडे यांना हे शंभरावर वर्षे आधी उमगले होते. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेत त्यांनी नुसती दया मागितली नाही. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, असे मागितले. १८९० साली साप्ताहिक सुटी मिळाली. दया दाखवली की नाही, यावर वाद घालता येतो. रविवारी गिरणी बंद होती की नाही, यावर येत नाही.

मग भाववाचक नामे टाकून द्यावीत काय? मुळीच नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते तहानेसाठी नव्हे, समतेसाठी. समतेचा विचार नसता तर ते नुसते पाणी राहिले असते. आणि ओंजळ भरली नसती तर समता नुसता शब्द राहिली असती.

म्हणून व्यासपीठावरून कोणी न्याय, सहकार्य, प्रगती असे शब्द उच्चारले, तर टाळ्या जरूर वाजवा. पण मागाहून विचारा : कोणासाठी? किती? कधीपासून? हा प्रश्न मालकाला विचारा, पुढाऱ्याला विचारा, आणि मलाही विचारा.