दोन वाटा, पण खरोखरच दोन



गेल्या वर्षीं मी पत्नीला घेऊन एका इस्पितळांत गेलों होतों. तिच्या मेंदूचीं छायाचित्रें आदल्या दिवशीं घेतलीं होतीं. परंतु डॉक्टरांना तीं पाहतां येईनात. यंत्र शाबूत होतें, छायाचित्रेंहि शाबूत होतीं; तरी सायंकाळपर्यंत आम्ही बांकावर बसून राहिलों. कारण एवढेंच कीं, गवंड्यानें फरशी उकरतांना खालची नळी फोडली, आणि त्या एकाच नळींतून दोन्ही केबली नेलेल्या होत्या. माझा पुतण्या याच धंद्यांत आहे. त्यानें मला जें समजावून दिलें, तेंच आज आपणांपुढें मांडतों.

मोठ्या संस्थेंत माहिती प्रत्येक संगणकांत निराळी न ठेवतां एका सामायिक कोठारांत ठेवतात. संगणक आणि कोठार यांना जोडणारें जें स्वतंत्र जाळें, त्याला ‘स्टोरेज एरिया नेटवर्क’ म्हणतात. त्यासाठीं बहुधा ‘फायबर चॅनल’ ही पद्धति योजतात. तिचें प्रमाण अमेरिकेंत १९९४ सालीं मान्य झालें.

असें जाळें एक विणून भागत नाहीं; दोन विणावीं लागतात. प्रत्येक संगणकाला दोन जोडण्या, कोठाराला दोन नियंत्रक आणि मध्यें निदान दोन स्विच. एका जाळ्याचा स्विच दुसऱ्या जाळ्याच्या स्विचला जोडावयाचा नाहीं; म्हणजे एकींत झालेली चूक दुसऱ्यांत पसरत नाहीं, व एक बंद पडलें तरी दुसऱ्यावर काम चालतें.

परंतु खरी कसोटी जागेवर लागते. दोन्ही स्विच विजेच्या एकाच पट्टीवर असले, तर ते दोन कसले? घराला दारें दोन, पण दोन्ही एकाच बोळांत उघडणारीं असलीं, तर आगीच्या वेळीं त्यांचा उपयोग काय?

लांबीचाहि हिशेब हवा. केबल भिंतीवर चढते, वळते, रॅकमध्यें उतरते. तें सर्व मोजावें. वेग वाढला कीं पल्ला घटतो. ‘ओएम-४’ जातीच्या काचतंतूंतून १६ गिगाबिटांचें फायबर चॅनल १२५ मीटर जातें, ३२ गिगाबिटांचें १०० मीटरच. म्हणून उद्यांचा वेग आजच विचारांत घ्यावा. काचतंतु काटकोनांत मुडपूं नये. केबलीच्या दोन्ही टोकांस तोच क्रमांक लावावा. न जोडलेल्या टोकावरची टोपी काढूं नये. कारण आंतील गाभा ५० मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो, आणि धुळीचा कणहि तेथें प्रकाश अडवितो.

परवां पुतण्यानें एका कचेरीचा आराखडा मला दाखविला. शाळेंत भूमिति शिकवितांना वापरीत असें, तशी लाल-निळी पेन्सिल मीं मागून घेतली. एक जाळें लाल रेघेनें काढलें, दुसरें निळ्या. जिन्याजवळच्या एका दारांत दोन्ही रंग एकत्र आले. पुतण्या कांहीं क्षण गप्प राहिला. मग त्यानें निळी वाट इमारतीच्या दुसऱ्या अंगानें वळविली. केबल चौदा मीटर अधिक लागली.

माझ्या पत्नीचें निदान सुदैवानें साधें निघालें. पण त्या दिवशीं बांकावर आमच्याशेजारीं दुसरींहि माणसें बसलीं होतीं. त्यांचें काय झालें, हें मला कळलें नाहीं. त्यांच्यासाठीं चौदा मीटर केबल कांहीं महाग नव्हती.