घाटातली आगगाडी आणि घराण्याचा शोध

बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांना 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न नवा नाही. गायकवाडांच्या चाकरीत कोणी पूर्वज आला, वाड्याजवळ घर बांधले, मुले गुजराती शाळासोबत्यांत वाढली, आणि मूळ गावाचे नाव आडनावापुरते किंवा कुलदैवतापुरते उरले. अशाच एका घरातील पतिपत्नींनी, दोघेही सेवानिवृत्त झाल्यावर, गेल्या श्रावणात पंधरा दिवसांची सुटी योजिली. पतीला आगगाडीचे वेड, पत्नीला एका नावाचा शोध. नकाशा उघडून पाहता दोन्ही एकाच फेऱ्यात बसण्यासारखी होती. बडोद्याहून बोरघाट चढून पुणे, तेथून मिरज, बेळगाव, लोंढा; मग घाट उतरून गोवा, आणि कोकण रेल्वेने किनाऱ्याकाठून परत.

या प्रवासात दोघांचा सामान सारखा नव्हता. पतीच्या पिशवीत छापील कुलवृत्तांत होता. रत्नागिरी जिल्ह्यातील गाव, गोत्र, कुलस्वामिनी, अकरा पिढ्यांची वंशावळ, सारे त्यात सिद्ध होते; मधली फक्त एक कडी निखळलेली, बडोद्यास प्रथम कोण आला एवढीच. पत्नीच्या पिशवीत एक कोरी वही. तिच्या आईचे माहेर गोव्यातले, फोंड्याकडचे. नव्वदी गाठलेल्या या मातेला आपल्या आजीचे नाव ठाऊक नव्हते. घरात सगळे तिला 'आईआजी' म्हणत, आणि लहान मुलांनी वडीलधाऱ्या बाईचे नाव विचारायचे नसते, असा तो काळ. १९५४ साली ही मुलगी लग्न होऊन बडोद्यास आली. पुढच्याच वर्षी भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, आगगाडीची वाहतूक थांबली, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत तिला माहेर दुरावले. त्या अवधीत आईआजी गेली. आजीचे नाव तरी कळावे, एवढेच म्हातारीचे लेकीपाशी मागणे होते.

कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली गेली आणि पती खिडकीशी सरसावून बसला. बोरघाटाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. सुमारे १५ मैलांत गाडी १८०० फुटांहून अधिक उंच चढते. १८५६ साली काम सुरू झाले, १८६३ साली पुरे झाले. पंचवीस बोगदे खोदावे लागले, आणि साथीच्या रोगांनी व अपघातांनी मेलेल्या मजुरांची संख्या हजारांनी मोजावी लागते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने काम हाती घेतले आणि थोड्याच दिवसांत तो मरण पावला. तेव्हा त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्याकडे घेतले व ते तडीस नेले. पतीने ही हकिगत मोठ्या उत्साहाने सांगितली. पत्नी म्हणाली, "म्हणजे कंत्राटाच्या कागदावर सही केली, म्हणून तिचं नाव राहिलं." त्या वेळी हा नुसता शेरा होता; पुढे तोच शोधाची किल्ली ठरला.

पुण्यात पेशवे दप्तरात दोन दिवस गेले. कापडी रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांचा हा साठा इतका अफाट आहे की, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातील वेचे ४५ खंडांत छापले, तरी तो पाण्यातला थेंबच म्हणावा लागेल. मोडी वाचणाऱ्या एका सद्गृहस्थांच्या मदतीने रोजकीर्दीतील एक नोंद हाती आली. आडनाव जुळले, नाव जुळले, परंतु बापाचे नाव नव्हते. पतीने ती वहीत शिसपेन्सिलीने लिहून घेतली, शाईने नव्हे. हा विवेक घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या पुष्कळांना साधत नाही. मनाजोगा पूर्वज सापडला की त्याला ओढून आपल्या वंशवृक्षावर बसविण्याचा मोह मोठा असतो.

पुण्यातल्या कागदांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. इंग्रजी अमदानीत, १८५२ च्या कायद्यानंतर, इनाम कमिशनने जमिनी धारण करणाऱ्यांकडून हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा कितीतरी घराण्यांनी आपल्या वंशावळी लिहून दिल्या. इनाम मुलाकडून नातवाकडे जावयाचे. सबब वंशावळीत मुलगे आणि नातू. मुलींना हक्क नाही, म्हणून रकाना नाही. वंशावळ प्रेमापोटी लिहिली जाते हा आपला गोड समज आहे. बहुतेक वेळा ती जमिनीपोटी लिहिलेली असते.

दिवसाउजेडी घाट पाहावा म्हणून बेळगावास एक मुक्काम करून दोघांनी सकाळची गाडी धरली. लोंढा सोडल्यावर रान दाट होते आणि कॅसलरॉकनंतर उतार लागतो. ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली झालेल्या करारातून हा मार्ग निघाला, मुरगाव बंदर दख्खनच्या पठाराला जोडण्यासाठी. कॅसलरॉकला एका राज्याची जकात, कुळ्याला दुसऱ्याची. मीटरगेजचे ते रूळ विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंद झाले, परंतु वळणे तीच आहेत. धुके फाटले आणि डब्यातील माणसे एकाएकी एका बाजूला धावली. दूधसागर! तीनशे मीटरांहून अधिक उंचीवरून टप्प्याटप्प्यांनी कोसळणारे ते पाणी आणि त्याच्यापुढून पुलावरून वाकत जाणारी गाडी. खिडकीतून आत आलेल्या तुषारांनी पतीचा चष्मा भिजला. पत्नी मात्र उतरत्या रुळाकडे पाहत होती. नव्या नवरीच्या वेशात तिची आई याच घाटाने वर आली होती.

फोंड्याच्या बाजूला देवस्थाने दाट आहेत, आणि त्यालाही कारण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मुलखात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी देव उचलून नदीपार नेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आला तो १५६० च्या सुमारास; शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. फोंडा तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. देवाचे मूळ गाव कळले की कुळाचे मूळ गाव कळते, असा हा धागा आहे. पत्नीच्या आजोळच्या देवस्थानात महाजनांच्या नोंदी होत्या. आजोबा सापडले, पणजोबा सापडले. महाजनकी पुरुषपरंपरेने चालणारी. आईआजी त्यात असणार कशी?

पणजीच्या पुराभिलेखागाराचा उगम १५९५ सालचा आहे. दियोगु द कोउतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक. तेथील वाचनकक्षात एका वृद्ध वाचकाने बाईंची अडचण ऐकून घेतली व म्हटले, "वंशावळी सोडा. तुमच्या आजोळानं जमीन कधी विकली, ते सांगा." पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० साली लागू झाली. तिच्यानुसार पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर विकता येत नसे. म्हणजे विक्रीखतात पत्नीचे नाव येणे भागच! एक नारळीची बाग कुळाच्या हातून गेल्याची गोष्ट आई नेहमी सांगत असे. तिच्यावरून सालाचा अंदाज बांधला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी नोटरीच्या एका बाडात खत मिळाले. भाषा पोर्तुगीज, अक्षर वळणदार. विकणारा अमुक, आणि त्याची पत्नी सत्यभामा. तिला लिहिता येत नसल्यामुळे तिच्या विनंतीवरून दुसऱ्याने सही केली आहे, असे खाली नमूद होते. जी बाग गेल्याचा सल कुळाने शंभर वर्षे बाळगला, तिच्या विक्रीने आजीचे नाव राखून ठेवले होते.

पत्नीने बडोद्यास दूरध्वनी केला. आईने नाव दोनदा उच्चारून पाहिले, जरा थांबली आणि म्हणाली, "हे सासरचं असेल गं. माहेरचं?" ते खतात नव्हते.

परतीच्या वाटेवर कोकण रेल्वेचे वैभव पतीला मनमुराद पाहता आले. २६ जानेवारी १९९८ पासून सबंध खुल्या झालेल्या या मार्गावर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा, तर पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. पावसाळ्यात दरडींच्या भयाने वेळापत्रक निराळे असते. गाड्या सावकाश चालतात आणि रुळांवर पहारा असतो. ही दिरंगाई निरुद्योगी प्रवाशाला मात्र पर्वणीच.

रत्नागिरीस उतरून पतीचे मूळ गाव पाहिले. जांभ्या दगडाचे जोते, एक फणस आणि भाऊबंदांचे आदरातिथ्य. याहून अधिक तेथे काही नव्हते, आणि त्याला हवेही नव्हते. संध्याकाळी भाऊबंदांच्या ओटीवर बसून त्याने आपला छापील कुलवृत्तांत उघडला आणि समासात बारीक अक्षरांत लेकीसुनांची नावे लिहावयास घेतली. आईचे व आजीचे नाव सहज आले, माहेरच्या नावांसकट. पणजीचे नाव इंदूरच्या आत्याला विचारून घ्यावे लागले. त्यापुढे समास कोराच राहिला. "तुमच्या भाऊबंदांची जुनी खरेदीखतं कुठं असतील हो?" पत्नीने विचारले. दुसऱ्या दिवशीची गाडी सायंकाळची होती. सकाळी दोघे तालुक्याच्या कचेरीकडे निघाली.